लँडफिलच्या लायनरला ही माती चालेल का? खड्ड्यापासून टेस्ट पॅडपर्यंत, नवख्यांसाठी

लॅबमधून एक कागद येतो, त्यावर परमिएबिलिटी, म्हणजे मातीतून पाणी किती वेगाने झिरपतं तो आकडा, ४×१०^-८ सेमी/सेकंद असं लिहिलेलं असतं, खाली सही-शिक्का, आणि मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं "झालं, माती पास, उद्यापासून खोदायला घ्या". तो कागद बघून मी पहिला प्रश्न विचारतो की नमुना किती टक्के पाण्यावर केला होता आणि किती ठोकला होता, आणि निम्म्या वेळा तरी याचं उत्तर कागदावर नसतंच. तेच पोतं, तीच माती, फक्त तीन-चार टक्के कमी पाण्यावर कॉम्पॅक्ट केली की तोच आकडा शंभरपट वाईट येऊ शकतो. त्यामुळे खालचं सगळं वाचताना एवढं डोक्यात ठेवा की आपण नुसती माती तपासत नाहीये, ती माती कुठल्या पाण्यावर, कुठल्या रोलरखाली, किती मोठी ढेकळं असताना बसणार आहे ते पण तपासतोय.

आधी आकडा समजून घ्या

लँडफिल म्हणजे कचरा पुरायची जागा, तिथल्या कचऱ्यातून जे काळं पाणी झिरपतं ते लीचेट, आणि ते खालच्या भूजलात जाऊ नये म्हणून तळाशी आणि उतारावर जो थर देतात तो लायनर. मातीच्या लायनरसाठी जवळजवळ सगळीकडे एकच आकडा चालतो, १×१०^-७ सेमी/सेकंद किंवा त्याहून कमी. म्हणजे सेकंदाला ०.००००००१ सेंटीमीटर. वाचून काही कळत नाही म्हणून असं बघा, हायड्रॉलिक ग्रेडियंट (पाण्याच्या उंचीतला फरक भागिले थराची जाडी) १ असेल तर वर्षभरात साधारण ३ सेंटीमीटर उंचीचा पाण्याचा थर त्यातून जाईल.

जाडी मात्र देशागणिक बदलते. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत ९० सेंमी माती आणि त्यावर १.५ मिमीचा एचडीपीई जिओमेंब्रेन, म्हणजे प्लॅस्टिकची अखंड चादर, सांगितला होता, शिवाय भूजल पातळी त्या मातीच्या थराच्या तळापासून किमान २ मीटर खाली हवी होती. अमेरिकेच्या १९९१ च्या नियमांत जिओमेंब्रेनखाली किमान २ फूट, म्हणजे ६० सेंमी. युरोपच्या १९९९ च्या लँडफिल डायरेक्टिव्हमध्ये घातक नसलेल्या कचऱ्याला १ मीटर आणि घातक कचऱ्याला ५ मीटर. युरोपवाले आकडा १×१०^-९ मीटर/सेकंद असा लिहितात, तो तोच आहे, फक्त युनिट वेगळं. हसू नका, सेमी आणि मीटरच्या गोंधळात शंभरपट चूक झालेला रिपोर्ट मी बघितलाय आणि तो तीन लोकांच्या सह्या होऊन पुढे गेला होता.

आता गळती किती होते ते एकदा स्वतः करून बघा. ९० सेंमी जाडीचा लायनर, त्यावर ३० सेंमी लीचेट साचलंय, म्हणजे ग्रेडियंट (९०+३०)/९० = १.३३. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. डार्सीच्या सूत्रात (परमिएबिलिटी × ग्रेडियंट × क्षेत्रफळ) टाकलं की आकडा बरोबर गाठलेल्या मातीतून दिवसाला सुमारे ११५० लिटर येतं. आणि माती दहापटीने फसली तर ११,५०० लिटर. रोज, एका हेक्टरला. वर जिओमेंब्रेन असेल तर प्रत्यक्ष गळती खूपच कमी असते हे खरं, पण मेंब्रेनला भोकं पडतातच आणि भोकाखाली काय आहे यावरच सगळं अवलंबून असतं.

पायरी १: माती पुरेल का हे आधी बघा

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक शेवटी करतात आणि मग फसतात. एका हेक्टरला ९० सेंमी म्हणजे ९,००० घनमीटर बसलेली माती, उतारांची वेगळी. खोदताना वरची मुळं-पाल्याची माती टाकून द्यावी लागते, दगडांचे पट्टे सोडावे लागतात, कॉम्पॅक्ट झाल्यावर आकारमान घटतं, काही ट्रक नापास होऊन परत जातात. मी तरी लागणाऱ्या मातीच्या दीडपट साठा दिसल्याशिवाय पुढच्या टेस्टवर वेळ घालवत नाही.

पायरी २: खड्डे

बोअरहोल पण लागतात, भूजल आणि खोलवरचे थर कळायला, पण बोरो एरियात, म्हणजे जिथून माती उचलणार तिथे, ट्रायल पिटसारखं काही नाही. एक्स्कॅव्हेटरने ३-४ मीटर खोल खड्डा घ्या, ग्रिड आखून घ्या, आणि जिथे रंग किंवा उतार बदलतोय तिथे जादा घ्या. आधार न दिलेल्या खड्ड्यात कमरेच्या वर खोली गेली की उतरू नका. चिकणमातीची भिंत छान उभी दिसते आणि न सांगता बसते. बादलीतली माती वर आणूनच बघायची.

खड्ड्याच्या भिंतीकडे बघताना सहा-सात गोष्टी लिहून काढा: थर कुठे बदलतो, रंग, भेगा आहेत का, मुळं किती खोल गेलीयेत, पाणी कुठून झिरपतंय, वाळूची किंवा रेवेची पट्टी आहे का, चुन्याचे खडे आहेत का.

या पट्टीवरून एक आठवण. सुरुवातीच्या काळात मी एका खड्ड्यातून नमुना घेताना वरपासून खालपर्यंतची माती एकत्र करून पोत्यात भरली, सरासरी नमुना म्हणून, आणि स्वतःवर खूश झालो. दोन मीटरच्या आसपास वीतभर-दीड वीत जाडीची बारीक वाळूची पट्टी होती ती त्या सरासरीत गायब झाली. लॅबचे आकडे एकदम मस्त आले. काम सुरू झाल्यावर एक्स्कॅव्हेटर नेमका त्या पट्टीत शिरला आणि अर्ध्या दिवसाचे ट्रक जवळजवळ वाळू घेऊनच साइटवर आले, तेव्हा कोणाच्या नजरेला नजर देता येईना. तेव्हापासून थरवार वेगळं पोतं, प्रत्येकावर खड्डा नंबर आणि खोली, आणि एक चिठ्ठी पोत्याच्या आत पण, कारण बाहेरचं लेबल ओलं होऊन पुसतं.

प्रॉक्टर (माती ठोकून ओलावा आणि घनता बघायची टेस्ट, पायरी ५ मध्ये येईल) आणि परमिएबिलिटी दोन्ही करायच्या तर प्रत्येक थराची किमान दोन मोठी पोती लागतात. नैसर्गिक ओलाव्यासाठी वेगळा छोटा नमुना लगेच हवाबंद डब्यात. हा ओलावा लोक विसरतात, आणि तोच पुढे सगळ्यात जास्त छळतो. का ते खाली येईल.

पायरी ३: हाताने तपासा, लॅबच्या आधी

मशीनपेक्षा हात स्वस्त आणि बऱ्याचदा हुशार. ही माती बघायला पाच मिनिटं पुरतात.

मूठभर माती घ्या, पाणी घालून मऊ थापटी करा, तळहातावर ठेवा आणि त्या हातावर दुसऱ्या हाताने बाजूने टपटप मारा. वरचा भाग एकदम ओला, चकचकीत झाला, आणि बोटांनी दाबल्याबरोबर ती चमक आत ओढली जाऊन थापटी निस्तेज, कडक झाली तर ती सिल्ट, म्हणजे बारीक पण न चिकटणारी गाळाची माती आहे, लायनरसाठी वाईट बातमी. चिकणमातीत काही म्हणजे काही होत नाही, ती तशीच बसून राहते. मग तीच माती तळव्यांमध्ये वळून काडी करा. पेन्सिलपेक्षा बारीक काडी न तुटता होते का, उचलल्यावर लोंबते का? नंतर हात धुवा. सिल्ट पाण्याखाली धरली की निघून जाते, चिकणमाती बोटांच्या रेषांमध्ये अडकून बसते आणि चोळूनच काढावी लागते. आणि एक लाडवाएवढा गोळा उन्हात वाळत ठेवा, दुसऱ्या दिवशी बोटांनी फुटला तर विसरा, हातोडी लागली तर पुढे जाऊ.

अजून एक, क्रम्ब टेस्ट. हरभऱ्याएवढा मातीचा खडा, काचेचा ग्लास, डिस्टिल्ड वॉटर. खडा अलगद सोडा आणि ग्लास हलवू नका. खडा नुसता फुगून ढासळला तर ठीक. पण त्याच्याभोवती दुधासारखा ढग उठला आणि तो तळाशी पसरत गेला तर माती डिस्पर्सिव्ह असू शकते, सोडियम जास्त असतो अशा मातीत. अशी माती वाहत्या पाण्यात आपोआप विरघळल्यासारखी वाहून जाते, छोटी फट असेल तर तिची नळी होते. इथे शंका आली की लॅबमधून पिनहोल टेस्ट (नमुन्यातल्या बारीक भोकातून पाणी सोडून माती वाहून जाते का ते बघतात) मागवाच.

वास पण घ्या. कुजका वास आणि काळपट रंग असेल तर सेंद्रिय भाग जास्त असणार. पण नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका, काळी कापसाची माती सेंद्रिय पदार्थांमुळे काळी नसते, आणि तिचा प्रॉब्लेम वेगळाच आहे.

पायरी ४: इंडेक्स टेस्ट, म्हणजे चाळणी आणि लिमिट्स

आता लॅब. चाळणी, हायड्रोमीटर (चाळणीत न अडकणाऱ्या बारीक कणांसाठी), लिक्विड लिमिट (ज्या ओलाव्यावर माती वाहायला लागते), प्लॅस्टिक लिमिट (ज्याच्या खाली वळलेली काडी तुटते), स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (कण पाण्याच्या किती पट जड). या टेस्ट स्वस्त आणि जलद, त्यामुळे भरपूर करा. परमिएबिलिटी महाग आणि संथ, ती निवडक करा. नवखे नेमकं उलटं करतात.

काय बघायचं? ७५ मायक्रॉनच्या खालचे फाइन्स ३० टक्क्यांच्या वर असावेत (काही ठिकाणी २० पर्यंत चालवतात, मला ते पटत नाही), प्लॅस्टिसिटी इंडेक्स म्हणजे पीआय (लिक्विड लिमिट वजा प्लॅस्टिक लिमिट) किमान ७ ते १०, रेव ३० टक्क्यांपेक्षा कमी, आणि सगळ्यात मोठा दगड २५ ते ५० मिमीच्या आत, जिओमेंब्रेनला टेकणाऱ्या वरच्या थरात तर त्याहून बारीक. २ मायक्रॉनखालची क्ले १५ टक्क्यांच्या वर असली की मन शांत राहतं.

वरची मर्यादा पण आहे हे कोणी सांगत नाही. पीआय ३०-४० च्या पुढे गेला की माती रोलरला, बादलीला, बुटांना चिकटते, वाळली की दगडासारखी ढेकळं होतात आणि लायनर उघडा राहिला की भेगा. नवख्याला वाटतं की जितकी चिकण तितकी चांगली. कागदावर हो, साइटवर नाही. मला निवडायला सांगितलं तर पीआय १५ ते २५ ची थोडी वाळूमिश्रित चिकणमाती मी पीआय ४५ च्या सुंदर काळ्या मातीच्या आधी उचलेन, कारण ती एकसारखी कालवता येते आणि आक्रसत कमी.

एक उदाहरण करून बघू. लिक्विड लिमिट ४६, प्लॅस्टिक लिमिट २२, म्हणजे पीआय २४. क्ले आणि सिल्ट वेगळी करणारी रेषा म्हणजे ए-लाइन, तिचं सूत्र ०.७३×(४६−२०) = १९. आपला २४ त्याच्या वर, म्हणजे ही क्ले आहे, सिल्ट नाही, आणि लिक्विड लिमिट ५० च्या खाली म्हणून अमेरिकन यूएससीएस वर्गीकरणात सीएल, म्हणजे कमी प्लॅस्टिसिटीची क्ले. क्ले फ्रॅक्शन ३२ टक्के असेल तर अ‍ॅक्टिव्हिटी २४/३२ = ०.७५. ०.३ च्या खाली असती तर संशय घेतला असता. खूप वर, सव्वा-दीडच्या पुढे असती तर माँटमोरिलोनाइट गटातलं खनिज आहे, फुगणं-आक्रसणं आणि रसायनांना हळवेपणा आलाच असं धरून चाललो असतो.

एक सावधानता, जांभ्या मातीसारख्या किंवा ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या मातीत ओव्हनमध्ये वाळवल्यावर लिमिट्स बदलतात, कण एकमेकांना चिकटून माती कमी चिकण दिसते. तिथे लॅबला सांगा, नैसर्गिक ओलाव्यावरूनच सुरुवात करा, आधी वाळवू नका.

पायरी ५: पाणी, घनता आणि परमिएबिलिटी एकत्र

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळं इथेच आहे.

प्रॉक्टर टेस्टमधून दोन गोष्टी मिळतात, ओएमसी म्हणजे ज्या ओलाव्यावर माती जास्तीत जास्त घट्ट बसते तो, आणि एमडीडी म्हणजे ती जास्तीत जास्त कोरडी घनता. रस्त्याच्या कामात आपल्याला ताकद हवी असते म्हणून ९५ टक्के एमडीडी गाठली की सगळे खूश. लायनरला हे चालत नाही. ओएमसीपेक्षा कोरड्या मातीत छोटी-छोटी ढेकळं कडक असतात, रोलर फिरला तरी ती आपला आकार सोडत नाहीत, त्यांच्यामधल्या फटी राहतात, आणि पाणी ढेकळातून जातच नाही, त्या फटींतून जातं. ओएमसीपेक्षा ओल्या मातीत ढेकळं मऊ पडतात, एकमेकांत चेपली जातात, फटी बुजतात. म्हणून परमिएबिलिटी ओएमसीच्या साधारण १ ते ३ टक्के वर सगळ्यात कमी मिळते.

शेतीतला वाफसा माहीत असेल तर सोपं जाईल. वाफसा म्हणजे माती हातात भुरभुरते, नांगराला चिकटत नाही. लायनरला हवी ती माती वाफशाच्या पुढची, मुठीत दाबली की बोटांचे ठसे तसेच राहतात, चकाकत नाही पण भुरभुरत पण नाही.

आकड्यांत दाखवतो. समजा ओएमसी १८ टक्के, एमडीडी १.७० ग्रॅम/घनसेमी, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी २.७०. साइटवर पहिल्या तुकडीत ओलावा १५ टक्के, घनता १.६८, जड रोलरने मिळवलेली. कॉम्पॅक्शन जवळपास ९९ टक्के, कॉन्ट्रॅक्टर छाती फुगवून उभा. व्हॉइड रेशो (पोकळ्या भागिले घन कण) २.७०/१.६८−१ = ०.६०७, सॅच्युरेशन (पोकळ्यांचा किती भाग पाण्याने भरलाय) १५×२.७०/०.६०७ म्हणजे ६७ टक्के. दुसऱ्या तुकडीत ओलावा २०.५, घनता १.६४, कॉम्पॅक्शन ९६.५ टक्के, आणि सॅच्युरेशन ८६ टक्के. ओएमसीवरचं सॅच्युरेशन काढलं तर ८३ येतं. म्हणजे दुसरी तुकडी त्या आकड्याच्या वर, पहिली खूप खाली. लायनर म्हणून मी दुसरी घेईन, टक्का कमी असूनही. पहिली उकरून परत भिजवायला लावेन आणि त्यावरून भांडण होईल ते होऊ दे.

हेच पद्धतशीर करायचा मार्ग डेव्हिड डॅनियल आणि क्रेग बेन्सन या अमेरिकन अभियंत्यांनी १९९० मध्ये मांडला आणि आजही तोच वापरला जातो. तीन वेगवेगळ्या जोरांनी ठोकायचं: मॉडिफाइड प्रॉक्टर, स्टँडर्ड प्रॉक्टर, आणि स्टँडर्डचाच हातोडा पण प्रत्येक थराला २५ ऐवजी १५ ठोके. प्रत्येकात पाच-सहा ओलावे. सगळ्या नमुन्यांची परमिएबिलिटी काढायची, मग ओलावा-घनतेच्या आलेखावर पास झालेले भरीव ठिपके आणि नापास पोकळ ठिपके. पास ठिपक्यांभोवती जो पट्टा आखता येतो तो तुमचा अ‍ॅक्सेप्टेबल झोन. मग त्यातून आक्रसणं आणि ताकद यांच्यामुळे बाद होणारा भाग कापून टाकायचा. उरतो तो पट्टा साइटवरच्या माणसाला छापून द्यायचा, त्याला ९५ टक्के वगैरे सांगायचंच नाही.

पंधरा-सोळा परमिएबिलिटी टेस्ट म्हणजे वेळ लागतो, एकेक नमुना आठवडा-दोन आठवडे चालतो, त्यामुळे खर्च वाचवायला लोक एकच नमुना ओएमसी अधिक २ वर करतात. सुरुवातीच्या चाळणीला ठीक आहे. डिझाइनला नाही.

टेस्ट करून घेताना लॅबला हे विचारा. नमुना फ्लेक्सिबल वॉल सेलमध्ये, म्हणजे रबरी पडद्यात गुंडाळून, केला का? कडक साच्यात केला तर माती आणि साच्याच्या मधून पाणी सरकून जाऊ शकतं. बी व्हॅल्यू ०.९५ च्या वर गेली होती का, म्हणजे नमुना खरंच सॅच्युरेट झाला का? अर्धवट भिजलेल्या नमुन्यात हवेचे बुडबुडे पाण्याची वाट अडवतात आणि आकडा खोटाच चांगला येतो. कन्फाइनिंग प्रेशर, म्हणजे नमुन्यावर बाहेरून दिलेला दाब, किती होतं? ३००-४०० केपीए (किलोपास्कल) दाबून धरलं तर कुठलीही फट बंद होईल, पण लायनरवर सुरुवातीला कचऱ्याचा एवढा भार नसतो, तिथे ३०-३५ केपीएच्या आसपास ठेवलेलं बरं. ग्रेडियंट किती? इतक्या घट्ट मातीला ३० च्या वर नेऊ नये असं या टेस्टचं अमेरिकन मानक एएसटीएम डी ५०८४ सांगतं, पण लवकर आटपायचं म्हणून लोक शंभर-दोनशे लावतात आणि नमुना दाबला जातो. पाणी कुठलं वापरलं? डिस्टिल्ड वॉटरने क्लेचे कण फुगून-सुटून आकडा कमी येऊ शकतो, साधं हवा काढलेलं नळाचं पाणी बरं.

आणि ढेकळं. लॅबमध्ये माती ४.७५ मिमीच्या चाळणीतून चाळून घेतात. साइटवर कोणी चाळत नाही, तिथे मुठीएवढी, कधी डोक्याएवढी ढेकळं असतात. १९८४ मध्येच डॅनियल यांनी दाखवलं होतं की साइटवरची परमिएबिलिटी लॅबच्या आकड्यापेक्षा १० ते १००० पट जास्त निघू शकते. म्हणून म्हणतो, कागदावरचा ४×१०^-८ हा पूर्णविराम नाहीये.

आता त्या नैसर्गिक ओलाव्याकडे

खड्ड्यातली माती १२ टक्क्यांवर आहे आणि तुम्हाला २० वर बसवायचीये. कोरडी घनता १६६० किलो प्रति घनमीटर धरली तर ८ टक्के म्हणजे घनमीटरला सुमारे १३३ लिटर पाणी. ९,००० घनमीटरला सुमारे १२ लाख लिटर, बाष्पीभवन वेगळं. एवढं पाणी कुठून आणणार, टँकर किती, आणि ते ढेकळाच्या गाभ्यापर्यंत पोचायला किती वेळ देणार? वरून शिंपडून लगेच रोलर फिरवला तर बाहेरून चिखल आणि आत कोरडा खडा असा प्रकार होतो. भिजवायचं, डिस्कने फोडून कालवायचं, झाकून एक-दोन दिवस मुरू द्यायचं. उलट माती २८ टक्क्यांवर असेल तर वाळवावी लागेल आणि पावसाळी हवेत ते होतच नाही. कधीकधी सगळ्या टेस्ट पास झालेली माती मी फक्त या एका हिशोबावर नाकारलीये.

पायरी ६: लीचेट, भेगा, ताकद

साध्या पाण्याने पास झालेली माती लीचेटने पण पास होईल असं नाही. लीचेटमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे आयन भरपूर असले की क्लेच्या कणांभोवतीचा पाण्याचा पापुद्रा आकुंचन पावतो, कण एकत्र गोळा होतात, मधल्या वाटा मोठ्या होतात. फुगणाऱ्या क्लेला याचा जास्त त्रास. नव्या कचऱ्याचं लीचेट आम्लधर्मी असतं, मातीत चुन्याचे खडे जास्त असतील तर ते हळूहळू विरघळतात, म्हणून खड्ड्याजवळच पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाकून फसफसतंय का बघून ठेवा. खरं लीचेट मिळत असेल तर तेच वापरून टेस्ट करा आणि नमुन्याच्या पोकळ्यांत मावतं त्याच्या किमान दुप्पट द्रव जाऊ द्या, नाहीतर आत अजून जुनंच पाणी आहे आणि तुम्ही निष्कर्ष काढताय.

आक्रसण्यासाठी वाळवल्यावरची आकारमानातली घट ४ टक्क्यांच्या आत आणि अनकन्फाइन्ड ताकद (बाजूने आधार न देता दाबल्यावरची) २०० केपीएच्या वर, हे दोन आकडे बऱ्यापैकी चालतात. जितकं ओलं बसवाल तितकं आक्रसणं वाढतं आणि ताकद घटते, म्हणून ओलाव्याला वरची हद्द पण हवीच, नाहीतर उतारावरचा लायनर घसरतो आणि रोलर रुततो.

माती थोडक्यात नापास होत असेल तर लगेच फेकू नका. वाळू-मुरूम जास्त आहे? सोडियम बेंटोनाइट थोडं, ४-५ टक्क्यांपासून सुरू करून, मिसळून बघा, पण मिक्सिंग एकसारखं झालं नाही तर पैसे पाण्यात. काळी माती फार फुगते? तिच्यात वाळूमिश्रित माती कालवून आक्रसणं कमी करता येतं. मिश्रण म्हणजे नवी माती, सगळ्या टेस्ट पुन्हा पहिल्यापासून.

जागेवरची न हलवलेली चिकणमाती चालेल का?

हे हमखास विचारतात. जागेवर आधीच पाच-सात मीटर क्ले आहे, मग खोदून परत कशाला बसवायची? भूवैज्ञानिक अडथळा म्हणून तिची किंमत मोठी आहेच. पण तिच्यात मुळांच्या नळ्या, जुन्या भेगा, वाळूच्या पट्ट्या असतात, आणि तुमचा बोअर नेमका त्यांना चुकवून जातो. हाताएवढ्या नमुन्याची परमिएबिलिटी अप्रतिम येते आणि अख्खा थर गळका असतो. निदान वरचा भाग तरी उकरून, ढेकळं फोडून, थराथराने परत बसवलेला बरा.

पायरी ७: टेस्ट पॅड

खऱ्या कामाआधी एक नमुना-लायनर बांधा. रोलरच्या तीन-चार रुंदीएवढं रुंद, रोलर पूर्ण वेगात येईल एवढं लांब. तीच माती, तोच रोलर, तोच ऑपरेटर. रोलर शीपफूट किंवा पॅडफूट, म्हणजे ड्रमवर पायांसारखे खुंट असलेला हवा, गुळगुळीत नको, कारण पायांनी थर मळला गेला पाहिजे. सुटा थर २०-२३ सेंमी, बसल्यावर १५ सेंमी, आणि पाय एवढे लांब की सुटा थर पार करून खालच्यात घुसतील. खालचा थर गुळगुळीत किंवा वाळलेला असेल तर आधी खरवडा आणि भिजवा. नाहीतर दोन थरांच्या मध्ये पाणी आडवं पळतं आणि वरच्या थराच्या भेगेतून खालच्या थराच्या भेगेपर्यंत पोचतं.

पॅडवर परमिएबिलिटी सील्ड डबल रिंग इन्फिल्ट्रोमीटरने (मातीत रोवलेल्या दोन रिंगांतून पाणी किती मुरतं ते मोजणारं उपकरण) मोजतात, ती अनेक आठवडे चालते, किंवा टू-स्टेज बोअरहोल पद्धतीने जरा लवकर. आकडा जमला की तीच पद्धत, तेवढ्याच फेऱ्या, तोच ओलाव्याचा पट्टा मुख्य कामाला. तिथे माती येत राहील तशी दर ५,००० घनमीटरला लिमिट्स, चाळणी आणि प्रॉक्टर, १०,००० ला एक परमिएबिलिटी, आणि रंग बदलला की आकडा न बघता लगेच.

मोजणी संपली की पॅड फेकून देऊ नका, मधोमध आडवा चर खणा. त्याआधी इन्फिल्ट्रोमीटरच्या पाण्यात रंग टाकला असेल तर उत्तम. चराची भिंत सुरीने हलकेच तासा आणि जवळून बघा: थरांची रेघ दिसते का, सुरीचं टोक त्या रेघेत सहज शिरतं का, मधे न फुटलेलं ढेकूळ वेगळ्या रंगाचं उठून दिसतंय का, रंग कुठल्या वाटेने खाली उतरलाय. थरावर थर ओळखूच आला नाही, एकच अखंड माती दिसली, तर ट्रक बोलवा. रेघ दिसली तर रोलरच्या पायांची लांबी मोजायला घ्या.